रक्ताचा दाब, रक्ताचा प्रवाह आणि त्यांचा बाजार : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात अतिदक्षता विभागातील उपकरणांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची निघाली : हृदयरोगात रक्ताचा दाब आणि प्रवाह मोजणारी यंत्रे, त्यांच्या किमती आणि ती विकण्याच्या पद्धती. पत्रे डॉक्टरांची आहेत, रुग्णांच्या घरच्यांची आहेत आणि एक हिंगण्याच्या कारखानदाराचेही आहे. नागपुरातील रुग्णालयांत यंत्रे बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी पंचवीस वर्षे केले. त्या अनुभवाच्या आधारे ही उत्तरे देत आहे. उपचाराचा निर्णय मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न : धंतोलीत माझे वीस खाटांचे रुग्णालय आहे आणि त्यात सहा खाटांचा अतिदक्षता विभाग आहे. हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते हे सतत दाखवणारा मॉनिटर विनामूल्य ठेवण्याचा प्रस्ताव एका वितरकाने दिला आहे. अट एवढीच, की तीन वर्षे दरमहा किमान दहा सेन्सर-संच त्याच्याकडून घ्यावेत. असे संच लागणारे रुग्ण आमच्याकडे महिन्याला तीन-चार असतात. यंत्राची किंमत द्यायची नसल्यामुळे सौदा चांगला वाटतो. आपले मत कळवावे.
— एक डॉक्टर, धंतोली

उत्तर : डॉक्टरसाहेब, आपल्याच पत्रातील आकडे मांडून पाहू. दरमहा दहा म्हणजे तीन वर्षांत ३६० संच होतात. महिन्याला चार रुग्ण धरले तरी त्या काळात १४४ संच खरोखर वापरले जातील, आणि उरलेल्या २१६ संचांचे पैसे आपण त्या विनामूल्य म्हणवल्या जाणाऱ्या यंत्रापोटी मोजाल. प्रत्येक संचावर वापराची मुदत छापलेली असते, त्यामुळे कपाटात राहिलेला माल मुदत उलटल्यावर टाकून द्यावा लागतो. मला त्याहून अधिक काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची : माल संपवायचा म्हणून गरज नसलेल्या रुग्णालाही संच लावला जातो आणि त्याचे बिल चिमूर किंवा छिंदवाड्याहून आलेल्या एखाद्या कुटुंबाच्या हाती पडते. कोणी वाईट हेतूने असे करतो असे नाही, पण दरमहाच्या किमान खरेदीचे ओझे हळूहळू निर्णयावर पडू लागते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

या व्यवसायाची बांधणीच तशी आहे. मॉनिटर एकदा बसला की अनेक वर्षे चालतो, पण त्याला जोडायचा एकदाच वापरायचा ट्रान्सड्यूसर (दाबाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा भाग), कॅथेटर (रक्तवाहिनीत घालायची बारीक नळी) किंवा बोटाचा कफ (हवेने फुगणारा पट्टा) रुग्णागणिक नवा लागतो. म्हणून कमाई यंत्रावर नसून त्याच्यासोबतच्या या मालावर असते. १९७० साली लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील जेरेमी स्वान आणि विल्यम गँझ यांनी टोकाला छोटा फुगा असलेले कॅथेटर प्रसिद्ध केले. रक्ताच्या ओघाबरोबर तो फुगा हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत वाहत जातो, त्यामुळे क्ष-किरणांच्या मदतीवाचून, रुग्णाच्या खाटेशीच, फुप्फुसातील दाब मोजता येऊ लागला. ते कॅथेटर बनवणाऱ्या एडवर्ड्स कंपनीने २००५ मध्ये मनगटाच्या धमनीतील दाबाच्या लहरीवरून हृदयाचा प्रवाह काढणारा सेन्सर बाजारात आणला, बोटावरच्या कफातून तेच काम करणारे तंत्रही पुढे विकत घेतले, आणि २०२४ मध्ये हा सगळा विभाग बेक्टन डिकिन्सन या कंपनीला ४.२ अब्ज डॉलरना विकून टाकला. अशीच यंत्रे बनवणाऱ्या म्युनिचच्या पल्शन कंपनीचे तंत्र त्याआधीच गेटिंगे समूहाकडे गेले होते आणि ब्रिटनची लिडको २०२० मध्ये मासिमोने घेतली. हे सांगण्याचे कारण असे, की मालक बदलला की भारतातील वितरक, सुट्या भागांचे क्रमांक आणि दुरुस्तीला येणारा माणूस हे सगळेच बदलू शकते. आज आपल्यासमोर बसलेला वितरक तीन वर्षांनंतर त्याच कंपनीचा असेल असे धरून चालू नका.

आता वैद्यकीय बाजू पाहू. फुप्फुसाच्या धमनीतील कॅथेटरचा अतिदक्षता विभागात फार मोठ्या प्रमाणावर वापर झाल्यानंतर ब्रिटनमध्ये १,०४१ रुग्णांवर त्याची पद्धतशीर पडताळणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅथेटर लावलेल्या आणि न लावलेल्या रुग्णांच्या मृत्यूंच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. याचा अर्थ ते कॅथेटर निरुपयोगी आहे असा नव्हे. आकडा हाती आल्यावर द्रव द्यायचा, औषध वाढवायचे की थांबायचे हे ज्या विभागात आधी ठरलेले असते, तेथेच त्याचा उपयोग होतो. म्हणून वितरकाला विचारण्याआधी आपण आपल्या रात्रपाळीच्या डॉक्टरांना विचारा, की मॉनिटरने प्रवाह कमी दाखवला तर ते नेमके काय करतील. उत्तर लगेच मिळाले नाही, तर यंत्राची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.

साध्या गोष्टींत किती चूक होऊ शकते याचे एक उदाहरण देतो. एका मे महिन्यात, शहर ४५ अंशांवर तापलेले असताना, एका रुग्णालयाने मला मध्यरात्री बोलावले. रुग्णाचा दाब मॉनिटरवर चांगला दिसत होता, म्हणून दाब टिकवणाऱ्या औषधाची मात्रा कमी केली गेली होती, पण रुग्ण मात्र थंड पडत चालला होता. मॉनिटरमध्ये काहीही बिघाड नव्हता. ट्रान्सड्यूसर खांबावरून निसटून हृदयाच्या पातळीच्या वीस सेंटिमीटर खाली लोंबत होता, एवढेच. दर दहा सेंटिमीटरला पाऱ्याच्या सुमारे ७.४ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे पडद्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा जवळजवळ १५ मिलिमीटरने जास्त होता. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी वरचा दाब कमी आणि खालचा जास्त दिसू लागतो. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला आणून झीरो करणे (बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरून जुळवणे), नळीत द्रव ढकलणारी दाबाची पिशवी ३०० मिलिमीटरवर आहे का ते पाहणे आणि एकदा जोरात फ्लश करून, म्हणजे नळीतून द्रव सोडून, लहर कशी स्थिरावते हे तपासणे, या तीन कामांसाठी परिचारिकांना दिलेले दोन दिवसांचे प्रशिक्षण मला त्या मॉनिटरपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

सहा खाटांच्या विभागाला धमनीतील साधी लाइन (दाब मोजण्याची नळी) आणि खाटेशी नेता येणारे इकोचे, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याचे, यंत्र यांतून बहुतेक उत्तरे मिळतात. इकोचे यंत्रही गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदवावे लागते, तेव्हा खरेदीआधी महापालिकेकडील नोंदणीची चौकशी करा. मॉनिटर घ्यायचाच असेल, तर किमान खरेदीची अट काढून प्रत्यक्ष वापराप्रमाणे पैसे देण्याचा करार मागा. मुदत संपत आलेला माल बदलून देण्याची जबाबदारी, वितरक बदलल्यास करार कोणावर बंधनकारक राहील आणि यंत्र बंद पडल्यास किती तासांत दुसरे मिळेल, हे तिन्ही मुद्दे लेखी घ्या. ऐन उन्हाळ्यात वातानुकूलन आणि वीज दोन्ही दगा देतात, त्यामुळे शेवटचा मुद्दा नागपुरात फार महत्त्वाचा आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय ६४) नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात अँजिओग्राफी झाली. एका धमनीत ६० टक्के अडथळा आहे, असे सांगितले. स्टेंट टाकण्याआधी प्रेशर वायरने तपासून पाहू, असे डॉक्टर म्हणतात. त्याचा खर्च वेगळा आहे. हा बिल वाढवण्याचा प्रकार आहे, असे माझ्या भावाचे म्हणणे आहे. खरे काय समजावे?
— एक वाचक, गोंदिया

उत्तर : ताई, आपल्या भावाची शंका मी समजू शकतो, कारण रुग्णालयाच्या बिलातील अनोळखी शब्द पाहून कोणालाही तसे वाटेल. परंतु आपण लिहिलेल्या परिस्थितीत ही तपासणी बिल वाढवणारी नसून अनेकदा स्टेंटचा खर्च वाचवणारी ठरते, आणि ती सुचवणारे डॉक्टर काळजीपूर्वक काम करत आहेत असेच मी म्हणेन.

अँजिओग्राफीत दिसते ती धमनीची सावली. वाट किती अरुंद झाली आहे हे त्या सावलीवरून डोळ्यांनी ठरवले जाते, पण त्या अरुंद जागेतून पलीकडच्या स्नायूला पुरेसे रक्त पोचते की नाही, हे सावली सांगत नाही. कालव्यात एका ठिकाणी गाळ साचला म्हणून शेवटच्या शेताला पाणी मिळतच नाही असे आपण म्हणत नाही. शेतावर जाऊन पाहतो. प्रेशर वायरने नेमके हेच केले जाते. सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीच्या तारेच्या टोकाजवळ सूक्ष्म दाबमापक असतो. ती तार अडथळ्याच्या पलीकडे नेतात, अॅडिनोसिन हे औषध देऊन हृदयातील प्रवाह जास्तीत जास्त वाढवतात, आणि अडथळ्यापलीकडचा दाब व महाधमनीतील दाब यांचे गुणोत्तर काढतात. महाधमनीत १०० आणि पलीकडे ७६ असेल तर गुणोत्तर ०.७६ येते. ०.८० किंवा त्याहून कमी आल्यास तो अडथळा प्रवाहाला खरोखर बाधा आणतो असे मानतात. औषधामुळे छातीत काही क्षण जळजळ किंवा दाटल्यासारखे वाटते, हे वडिलांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते घाबरणार नाहीत. औषध न देता विश्रांतीच्या अवस्थेतच मोजण्याची दुसरी पद्धतही आहे. २०१७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत ती पहिलीच्या तोडीची ठरली. तिची मर्यादा ०.८९ धरतात.

या तंत्राचा पाया नेदरलँड्सचे निको पाइल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड डी ब्राऊने यांनी १९९० च्या दशकात घातला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेम’ या चाचणीत एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेल्या १,००५ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. केवळ अँजिओग्राफी पाहून उपचार केलेल्यांना सरासरी २.७ स्टेंट लागले, तर प्रेशर वायरने तपासून उपचार केलेल्यांना १.९. वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा करावी लागलेली प्रक्रिया यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण पहिल्या गटात १८.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १३.२ टक्के होते. आपल्या प्रश्नाशी थेट जुळणारा भाग तर त्याहून बोलका आहे. त्याच चाचणीत डोळ्यांना ५० ते ७० टक्के वाटलेल्या अडथळ्यांपैकी तारेने तपासल्यावर केवळ ३५ टक्के अडथळे प्रवाहाला बाधक ठरले. वडिलांचा ६० टक्क्यांचा अडथळा नेमका याच पट्ट्यात येतो. उलट ९० टक्क्यांच्या पुढचे जवळजवळ सगळे अडथळे बाधक निघाले, म्हणून तेवढ्या अडथळ्यात तारेची सहसा गरज पडत नाही.

या तारेलाही मर्यादा आहेत. तिन्ही मुख्य धमन्या खराब असलेल्या रुग्णांत तारेच्या मदतीने स्टेंट टाकणे हे बायपास शस्त्रक्रियेच्या बरोबरीचे ठरते का, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासले गेले, आणि तेथे वर्षभराच्या निकालांत बायपासच सरस ठरला.

खर्चाचे म्हणाल, तर येथे बाजाराचे स्वरूप समजून घ्यावे लागते. या तारा बनवणाऱ्या कंपन्या जगभरात मोजक्याच आहेत. स्वीडनमधील उप्साला येथील राडी कंपनीची तार आधी सेंट ज्यूडकडे आणि २०१७ मध्ये अॅबटकडे गेली, तर व्होल्कॅनो कंपनी २०१५ मध्ये फिलिप्सने घेतली. स्टेंटवर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत लादली. औषध सोडणाऱ्या स्टेंटची त्या वेळची कमाल किंमत २९,६०० रुपये होती. प्रेशर वायरला तशी स्वतंत्र कमाल किंमत ठरलेली नाही. तिची छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, एवढेच बंधन आहे. म्हणून रुग्णालयाला अगोदर तीन गोष्टी विचारा : तारेची छापील किंमत किती, बिलात किती लावणार, आणि तार नवी व सीलबंद असेल का. ही तार एकदाच वापरण्यासाठी असते, म्हणून तिच्या वेष्टनावरचे स्टिकर रुग्णाच्या कागदपत्रांत लावायला सांगा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर हा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. गुणोत्तर ०.८० च्या वर आले आणि स्टेंट टळला, तर ती तार महाग पडली असे आपल्या भावालाही वाटणार नाही.

प्रश्न : मी ब्रह्मपुरीजवळच्या गावात शिक्षक आहे. माझ्या १९ वर्षांच्या मुलीला सिकलसेल (एसएस) हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नुकत्याच केलेल्या इकोच्या अहवालात ‘टीआर जेट २.६, फुप्फुसाचा दाब ३७’ असे लिहिले आहे. ती चढ चढताना दमते. गावातील डॉक्टरांनी नागपूरला जायला सांगितले. हा दाब कसा मोजतात आणि आम्ही किती घाबरावे?
— एक शिक्षक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : गुरुजी, सगळ्या पत्रांत आपले पत्र मला सर्वात महत्त्वाचे वाटले. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल जितका आढळतो, त्या मानाने त्यातून उद्भवणाऱ्या फुप्फुसाच्या रक्तदाबाविषयी फारच कमी बोलले जाते.

प्रथम तो ३७ कोठून आला ते पाहू. इकोच्या यंत्राने दाब मोजलेलाच नाही, वेग मोजला आहे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून आकुंचनाच्या वेळी थोडे रक्त मागे उसळते, तोच अहवालातील ‘टीआर जेट’. त्याचा वेग ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजतात, आणि वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणले की झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मिळतो. सेकंदाला २.६ मीटर या वेगाचा वर्ग ६.७६ आणि त्याची चौपट २७. त्यात उजव्या वरच्या कप्प्यातील दाब म्हणून अंदाजाने १० मिळवले की ३७ होतात. आपण गणित शिकवत असाल तर लगेच लक्षात येईल, की वेग मोजताना थोडी चूक झाली तरी वर्गामुळे ती मोठी होते, आणि शेवटचे १० तर अंदाजाचेच आहेत. शिवाय सिकलसेलमध्ये रक्त कमी असल्यामुळे हृदय मुळातच अधिक रक्त ढकलत असते, त्यामुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या निरोगी असूनही वेग वाढलेला दिसू शकतो.

हा फरक किती मोठा असतो, हे फ्रान्समधील ३९८ प्रौढ सिकलसेल रुग्णांच्या पाहणीत दिसले. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. इकोवर २.५ किंवा त्याहून अधिक वेग २७ टक्के रुग्णांत आढळला, पण कॅथेटरने प्रत्यक्ष दाब मोजल्यावर फुप्फुसाचा रक्तदाब ६ टक्के रुग्णांतच असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे इकोने शंका घेतलेल्या दर चार रुग्णांपैकी साधारण तीन जण त्या आजारातून सुटले. आपण घाबरून जाऊ नये, याला हा मोठा आधार आहे. परंतु मुलगी चढावर दमते असे आपण लिहिले आहे, म्हणून गोष्ट तशीच सोडूनही देऊ नये. जिला खरोखर हा आजार असतो तिच्या जिवाला धोका असतो, आणि तो जितक्या लवकर कळेल तितके चांगले.

नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किंवा मिहानमधील एम्समध्ये हृदयरोग विभागाला दाखवा. जाताना इकोचा अहवाल, हिमोग्लोबिनचे जुने आकडे आणि रक्त चढवल्याच्या नोंदी सोबत ठेवा. इको वेदनेच्या झटक्यात किंवा तापात केला होता का, हे आठवून सांगा. तशा वेळी दाब तात्पुरता वाढलेला असतो आणि तब्येत स्थिर झाल्यावर इको पुन्हा करणे योग्य ठरते. डॉक्टर बहुधा सहा मिनिटे चालण्याची चाचणी आणि एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची तपासणी सांगतील. त्यांतही शंका राहिली तर उजव्या हृदयाचे कॅथेटरायझेशन करावे लागेल. मानेच्या, दंडाच्या किंवा जांघेच्या शिरेतून कॅथेटर फुप्फुसाच्या धमनीत नेऊन दाब थेट मोजतात. विश्रांतीत सरासरी दाब २० मिलिमीटरच्या वर असल्यास तो वाढलेला समजतात, आणि पुढे फुगा किंचित फुगवून घेतलेल्या दाबावरून दोष डाव्या हृदयाचा आहे की फुप्फुसाच्या वाहिन्यांचा, हे ठरवतात. दोन्हींचे औषध वेगळे असते, म्हणून निदान पक्के होण्याआधी केवळ इकोच्या आकड्यावर फुप्फुसाच्या दाबाची महागडी औषधे सुरू करू नयेत.

येथे मनातली खंत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या मुलीला लागणारे कॅथेटर पन्नास वर्षांहून जुन्या कल्पनेवर बनलेले आहे आणि दाब मोजण्याची सोय तर प्रत्येक कॅथलॅबमध्ये (हृदयात कॅथेटर घालण्याच्या कक्षात) असते. तरीही माझ्या इतक्या वर्षांच्या कामात त्याचा आग्रह धरणारा एकही विक्रेता मला भेटला नाही, कारण त्याची ज्यांना गरज आहे ते रुग्ण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या खेड्यांत आहेत आणि त्यांच्याकडे पैसा नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यात तपासणी झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी ज्यांना दम लागतो, त्यांना नागपूरपर्यंत आणून हे एक मोजमाप करण्याची व्यवस्था व्हावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझा वाहनांच्या सेन्सरचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. एकदाच वापरायचे रक्तदाब ट्रान्सड्यूसर आयात होतात असे कळले. ते येथे बनवता येतील का?
— एक उद्योजक, हिंगणा

उत्तर : बनवता येतील, परंतु अडचण कोठे आहे हे आधी ओळखा. सिलिकॉनवर ताण पडला की त्याचा विद्युतरोध बदलतो, हा गुण १९५४ मध्ये चार्ल्स स्मिथ यांनी दाखवला, आणि आजचा ट्रान्सड्यूसर त्यावरच चालतो. आपल्या वाहनांच्या सेन्सरमध्येही तेच तत्त्व असेल. वैद्यकीय ट्रान्सड्यूसरची संवेदनशीलता प्रमाणित आहे : पाऱ्याच्या एका मिलिमीटरला, पुरवलेल्या प्रत्येक व्होल्टमागे पाच मायक्रोव्होल्ट. त्यामुळे कोणाचाही ट्रान्सड्यूसर तत्त्वतः कोणत्याही मॉनिटरवर चालायला हवा. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीने केबलचे टोक वेगळे ठेवले आहे आणि ग्राहक बांधला जातो तो तेथेच. चिप आपल्याला विकत घ्यावी लागेल. आपले खरे काम म्हणजे स्वच्छ कक्षात जुळणी, पारदर्शक प्लास्टिकचे साचे, गळती न होणारे जोड आणि निर्जंतुकीकरण. त्यातील निर्जंतुकीकरणाची पडताळणी सर्वाधिक वेळ खाते.

परवान्याच्या बाबतीत २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत. अ आणि ब (कमी जोखमीच्या) वर्गातील उपकरणांचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, तर क आणि ड (अधिक जोखमीच्या) वर्गांचा केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना देते. आपले उत्पादन कोणत्या वर्गात येते, हे केंद्राच्या वर्गीकरण यादीत पाहूनच पुढचा खर्च ठरवा. चाचणीसाठी नमुने बनवायलाही वेगळा परवाना लागतो. वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आयएसओ १३४८५ या आंतरराष्ट्रीय मानकाची गुणवत्ता व्यवस्था पहिल्या दिवसापासून उभारा, ती मागाहून चिकटवता येत नाही.

देशात वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी ७० ते ८० टक्के आयात होतात असे सरकारी कागदपत्रांतच म्हटले आहे, आणि २०२३ च्या राष्ट्रीय धोरणाचा रोख ते कमी करण्याकडे आहे. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक उपकरणांवरील जीएसटी ५ टक्के झाला आहे. तरीही लहान कारखान्याला खरा त्रास होतो तो वसुलीचा. मोठी रुग्णालये आणि सरकारी खरेदी यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. म्हणून माझा सल्ला असा, की सुरुवात वेगवेगळ्या मॉनिटरना जोडणाऱ्या पुनर्वापराच्या केबलपासून करा. त्याही उपकरणाच्या नियमांतच येतात, पण त्यांना निर्जंतुकीकरण लागत नाही, प्रत्येक अतिदक्षता विभागात त्या तुटतात, आणि मूळ कंपनीची केबल बदलून मिळेपर्यंत खाट अडून राहते. धंतोली आणि रामदासपेठेतील दहा रुग्णालयांच्या बायोमेडिकल (उपकरणे सांभाळणाऱ्या) विभागांत जाऊन गेल्या वर्षी किती केबल बदलल्या याची नोंदवही पाहिलीत, तर कोणत्याही विकतच्या बाजार-अहवालापेक्षा चांगला अंदाज येईल. त्या अहवालांतील आकडे एकमेकांशी जुळतही नाहीत, कारण एकात घरगुती रक्तदाबयंत्रे धरलेली असतात आणि दुसऱ्यात केवळ अतिदक्षता विभाग.

प्रश्न : मनगटी घड्याळ माझा रक्तदाब १२८ दाखवते आणि मुलाने आणलेले दंडाचे यंत्र १४६. माझे वय ७१ आहे, शरीर स्थूल असून दंडाचा घेर ३६ सेंटिमीटर आहे. कोणावर विश्वास ठेवू?
— एक ज्येष्ठ नागरिक, महाल

उत्तर : काका, आज तरी दोन्हींवर पूर्ण ठेवू नका, पण कारणे वेगळी आहेत. कफ नसलेले घड्याळ त्वचेखालील नाडीच्या लहरीवरून दाबाचा अंदाज बांधते, आणि अशा घड्याळांना ठरावीक काळाने कफाच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. युरोपच्या रक्तदाबतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी किंवा औषध ठरवण्यासाठी कफविरहित साधने वापरू नयेत असे सांगितले आहे. भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत २०१७ नंतर राबवलेल्या सरकारी रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमातही दंडाच्या डिजिटल यंत्रावरच भर होता.

दंडाचे यंत्र योग्य प्रकारचे आहे, पण त्याच्यासोबत येणारा नेहमीचा कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. ३६ सेंटिमीटरच्या दंडावर तो लहान पडतो, आणि लहान कफ दाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. दुकानातून त्याच कंपनीचा मोठा कफ मागून घ्या. नंतर पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून बसा, आणि सकाळी दोनदा व रात्री दोनदा असे सात दिवस मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कफाच्या यंत्रावरील व्यापारी नफा सरकारने जुलै २०२१ मध्ये ७० टक्क्यांवर मर्यादित केला तेव्हा ही यंत्रे बरीच स्वस्त झाली, त्यामुळे मोठ्या कफासाठी दुकानदार अवाच्या सवा पैसे मागत असेल तर गांधीबागेतील दवाबाजारात आणखी दोन दुकाने पाहा.